लावणीमागचे श्रम आणि शर्मिला रेगे

स्त्रीची मजुरी, हुंडा, दारूबंदी या विषयांवर समाजवादी कार्यकर्ता तासभर बोलू शकतो. तिच्या लैंगिकतेचा प्रश्न निघाला की मात्र तो एक तर नीतीची भाषा बोलू लागतो, नाही तर हा विषय शहरी मध्यमवर्गाच्या चैनीचा आहे असे म्हणून बाजूला सारतो. या दोन्ही पळवाटा बुजवण्याचे काम पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांच्या संशोधनाने केले. स्त्री-अभ्यासाच्या वर्गांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते; चळवळीच्या अभ्यासशिबिरांत ते जितके पोहोचायला हवे होते तितके अद्याप पोहोचलेले नाही.

१९९५ साली रेगे यांनी लावणी कलावंतिणींवर एक निबंध लिहिला. लावणी ही मराठी संस्कृतीचा शृंगार, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. रेगे यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : हा शृंगार कोणाच्या देहावर रचला गेला, आणि कोणासाठी? पेशवाईत ब्राह्मण विधवेचे केशवपन करून तिची लैंगिकता निपटून काढली जात होती. त्याच राज्यात खालच्या जातींच्या स्त्रिया व्यभिचाराच्या आरोपावरून कुणबिणी केल्या जात, विकल्या जात, त्यांचे श्रम आणि शरीर दोन्ही वापरले जाई. एकीला संयमाची मूर्ती ठरवायचे तर दुसरीला अतृप्त वासनेची पुतळी ठरवावे लागते. दरबारी आश्रयाखालच्या लावणीने हे दुसरे काम पुष्कळ अंशी केले. तेव्हा लैंगिकता ही खाजगी आवडीनिवडीची बाब नसून जातिव्यवस्थेच्या उत्पादनयंत्रणेचा एक भाग आहे, हे या विवेचनाचे मर्म होय. वर्गाची परिभाषा पचवलेल्या वाचकाला ते समजण्यास जड जाऊ नये.

लावणीचे पुढे चित्रपटाने काय केले हे सर्वज्ञात आहे. पण समाजवाद्यांनी तरी काय केले? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तमाशाचा वग आणि बतावणी उचलली व लोकप्रबोधनाचे प्रभावी साधन बनवले. ते कार्य मोठेच होते. तथापि ज्यांच्या घराण्यांनी हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या जगवला त्या कोल्हाटी, महार, मांग स्त्रिया संगीतबारीतच राहिल्या. त्यांच्या घरात काय चालते हे मराठी वाचकाला धक्क्यासारखे कळले ते किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनातून.

१९९८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यासंबंधी जो लेख लिहिला, त्याची झळ डाव्या चळवळीलाही लागली. डाव्यांनी जात वर्गात विरघळवली, स्वायत्त स्त्रीसंघटनांनी भगिनीभावाच्या नावाखाली सवर्ण स्त्रीचा अनुभव सर्व स्त्रियांचा म्हणून मांडला, आणि दलित चळवळीत दलित म्हणजे पुरुष असे गृहीत धरले गेले. बिगरदलित स्त्रीवाद्यांना ही भूमिका घेता येते, मात्र त्यासाठी स्वतःला नव्याने घडवावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. छाया दातार यांनी १९९९ मध्ये या मांडणीवर आक्षेप घेतले. तो वाद आजही वाचनीय आहे. पुढे २००६ च्या ग्रंथात रेगे यांनी बेबी कांबळे, शांताबाई दाणी, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार आदींची आत्मकथने सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचली, तर २०१३ च्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांचे ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखन संपादून मांडले.

या विद्वत्तेचा राजकारणाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी २००५ ची डान्सबारबंदी आठवावी. सरकारने बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. पुरोगाम्यांत फूट पडली : एक बाजू शोषण संपवा म्हणत होती, दुसरी रोजगार वाचवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय उचलून धरला. त्याच आठवड्यात, तीन दिवस अगोदर, रेगे यांचे निधन झाले होते. बारमध्ये नाचणाऱ्यांत पिढीजात नाचगाणे करणाऱ्या जातींच्या स्त्रिया होत्या. ‘शोषण की रोजगार’ हा पेच त्यामुळे अपुरा ठरतो. जातीने ठरवून दिलेला धंदा बंदीने सुटत नाही, आणि त्याला कला किंवा निवड असे नाव दिल्यानेही सुटत नाही.

रेगे यांचे बरेचसे लेखन इंग्रजीत आहे, आणि ज्या स्त्रियांविषयी ते आहे त्यांच्यापर्यंत ते सहजी जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ही उणीव भरून काढणे लेखिकेपेक्षा संघटनेचे काम अधिक. शिक्षणाच्या भाषेचा आणि वर्गातल्या सत्तेचा प्रश्न तर त्यांनीच २०१० मध्ये फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’चा आधार घेऊन मांडला होता.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लावणीचा कार्यक्रम ठेवणारे सर्व पक्षांत आहेत. त्या रात्रीचे मानधन कोणाच्या हाती पडते, थिएटरमालकाचा वाटा किती, पावसाळ्यात चूल कशी पेटते, याचा हिशेब कोणत्या पक्षाने मागितला? हमालाच्या ओझ्याला संरक्षण देणारा माथाडी कायदा १९६९ साली झाला, तोही हमाल संघटित झाले म्हणून. संगीतबारीतल्या स्त्रियांची सभासदनोंदणी कोणत्याही तालुका शाखेला उद्यापासून सुरू करता येईल.