घोकलेल्या शब्दांच्या बाजूने

मराठी समीक्षेला प्रार्थना हा वाङ्मयप्रकार वाचता येत नाही, आणि थकलेल्या ख्रिस्ती आईची सायंप्रार्थना तर मुळीच वाचता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अभंग, ओवी, आरती यांच्याकडे निदान परंपरेच्या धाकाने तरी आदराने पाहिले जाते. वसईच्या वाडीत रात्रीच्या जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या रोझरीच्या वाट्याला मात्र दोन ठरलेली विशेषणे येतात : 'यांत्रिक' आणि 'घोकंपट्टी'. विद्यार्थी जरा अधिक वाचलेला असला तर तिसरेही येते, 'पलायनवादी'. या तिन्ही विशेषणांशी माझे भांडण आहे. त्याहून मोठे भांडण आहे ते आमच्याच वेदीवरून होणाऱ्या त्या गोड प्रवचनांशी, ज्यांत प्रार्थना केली की आईचा शीण आपोआप उतरतो आणि ती हसतमुखाने पुन्हा कामाला लागते.

आधी वस्तुस्थिती पाहू. रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पाच दशके, प्रत्येक दशकाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना, मग दहा वेळा 'नमो मारिया', शेवटी त्रैक्याचा गौरव. प्रत्येक दशकाबरोबर ख्रिस्ताच्या वा मरियेच्या चरित्रातला एक प्रसंग मनात धरायचा. सावकाश म्हटली तर वीसेक मिनिटे लागतात. एवढे कोणत्याही माहितीपुस्तकात सापडेल. समीक्षकाच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट निराळी आहे : 'नमो मारिया' सामुदायिकपणे म्हणताना मधोमध विभागली जाते. पूर्वार्ध एकाने म्हणायचा, उत्तरार्ध बाकीच्यांनी. पूर्वार्धात लूकच्या शुभवर्तमानातील देवदूताचे आणि अलिशिबेचे अभिवादन आहे, उत्तरार्धात पापी माणसांची विनवणी.

आता सकाळच्या लोकलने पन्नासेक किलोमीटरवर चर्चगेटला गेलेली आणि दिवेलागणीनंतर परतलेली एखादी परिचारिका किंवा शिक्षिका घ्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, लसूण सोलता सोलता ती उत्तरार्ध म्हणते आहे. पहाटेपासून घरातली प्रत्येक गोष्ट तिने सुरू केलेली असते : चहा, डबे, मुलांची उठवाउठव, शाळेच्या वहीवरची सही. दिवसात प्रथमच दुसरे कुणीतरी वाक्याला सुरुवात करते आणि तिला ते फक्त पुरे करायचे असते. शब्दही तिने शोधायचे नसतात. ते तिच्या आजीच्या तोंडी होते, तसेच आहेत. माझ्या मते या प्रार्थनेतली विश्रांती भावनेच्या उमाळ्यातून येत नाही, साक्षात्कारातून तर नाहीच नाही. ती तिच्या रचनेतून येते. आणि रचना हा तर समीक्षेचा प्रांत! मग समीक्षा तिथेच गप्प का?

ही रचना मराठीला परकी आहे, असेही कुणी म्हणू नये. जात्याला दोघी बसत. एकीने ओवी उचलायची, दुसरीने साथ द्यायची, आणि खुंटा दोघींच्या हातांनी फिरायचा. गी पॉईतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमा झालेल्या लाखाहून अधिक ओव्या चाळल्या तर तेच चरणार्ध आणि तीच संबोधने किती वेळा परततात, ते दिसेल. त्यांना आपण घोकंपट्टी म्हणत नाही. आपण त्यांना मौखिक परंपरेची सूत्रबद्धता म्हणतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. जनाबाईच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल दळू-कांडू लागतो. देव काम वाटून घेतो ही कल्पना आपल्याला भक्तिकाव्याचे शिखर वाटते. मग माळेच्या मण्यांवर तेच घडते, तेव्हा नाक मुरडायचे कारण काय? फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' ओवीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. चारशे वर्षे एकत्र राहूनही शेजाऱ्याच्या घरातून रोज ऐकू येणारी लय आपल्याला कळत नसेल, तर तो दोष लयीचा नाही.

खरे कारण असे की आपल्या अभ्यासक्रमावर अजूनही स्वच्छंदतावादी निकषाचे राज्य आहे. जे उत्स्फूर्त ते खरे, जे पाठ केलेले ते खोटे. हा निकष भावकवितेला कदाचित पुरेल, रात्री साडेआठला पाय सुजलेल्या बाईला तो पुरत नाही. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) प्रॉटेस्टंट घरांतला प्रघात वेगळा आहे : शास्त्रवाचन, एखादे गीत आणि मग आपल्या शब्दांत प्रार्थना. त्या प्रघाताविषयी मला आदर आहे. पण आपले शब्द जुळवणे हेही कामच आहे, आणि ते दिवसाच्या शेवटी येणारे काम आहे. नारायण वामन टिळकांची गीते त्या घरांत इतकी रुजली, याचे एक कारण मला इथे दिसते : थकलेल्या जिभेला त्यांनी तयार, गाता येण्याजोगे, अभंगाच्या वळणाचे शब्द दिले. (टिळकांच्या घरात त्या भक्तीचा हिशेब डबे-भांड्यांनी कसा चुकवला, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावीत; या वेळी विनोदासाठी वाचू नयेत.)

आता प्रवचनांकडे. त्यांतली आई प्रार्थनेसाठी मुलांना गोळा करते, मेणबत्ती लावते, पेंगणाऱ्याला हलवते, पूर्वार्धही तीच म्हणते, आणि आमेन झाल्यावर ताटे घेते. म्हणजे जी वीस मिनिटे तिची व्हायची, तीही तिच्याच खात्यावर काम म्हणून मांडली जातात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च होत होती, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. या आकड्यांत आणखी वीस मिनिटे मिळवून त्यांना 'कृपा' म्हणणे मला तरी जमत नाही.

याच प्रवचनांत आदर्श माता म्हणून झेली मार्टिन हिचे नाव येते. लिझ्यूच्या संत तेरेझाची ही आई. २०१५ मध्ये पती लुईसह तिला संतपद मिळाले. आलाँसाँ या फ्रेंच गावात ती लेस विणण्याचा धंदा चालवीत होती. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. १८७७ मध्ये ती स्तनाच्या कर्करोगाने वारली. तिची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत थकवा पुनःपुन्हा येतो : मागण्यांचा ताण, आजारी मुले, अपुरी झोप. संतचरित्राच्या पुस्तिकेत मात्र लेस उरते, थकवा गाळला जातो. ही संपादकीय लबाडी आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ती ओळखायला हवी. कारण बहिणाबाई चौधरींच्या कवितेतले कष्ट 'सोशिकपणा' म्हणून शिकवताना आपणही तेच करतो.

राहिला पलायनवादाचा आरोप. त्याला उत्तर सायंप्रार्थनेच्या संहितेतच आहे, पण संहिता उघडून कोण पाहतो? पाश्चात्त्य चर्चच्या सायंप्रार्थनेत रोज मरियेचे स्तोत्र म्हटले जाते. १५४९ मध्ये क्रॅन्मरने इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध करताना संध्याकाळ आणि रात्र यांच्या उपासना एकत्र केल्या, तेव्हाही ते स्तोत्र तिथेच राहिले. नाझरेथची एक गर्भार मुलगी त्यात काय म्हणते? सत्ताधीश आसनांवरून खाली ओढले गेले, भुकेले तृप्त झाले, धनवान रिकाम्या हाताने परत पाठवले गेले. दिवसभर दुसऱ्याच्या कार्यालयात आणि मग स्वतःच्या घरात राबलेल्या बाईच्या तोंडी हे शब्द रोज येत असतील, तर त्या अफूची जात तरी तपासायला हवी.

विश्रांतीचे खरे चित्र मला १३१ व्या स्तोत्रात सापडते. अवघ्या तीन कडव्यांचे हे स्तोत्र. त्यात जीव आईजवळच्या मुलासारखा शांत झालेला आहे. पण ते मूल अंगावर पिणारे नाही, दूध तुटलेले आहे. हा तपशील टीकाकार सहज ओलांडून जातात. पिणारे मूल कुशीत शिरते ते काहीतरी मागण्यासाठी. दूध तुटलेले मूल नुसतेच येऊन बसते. दिवसभर सर्वांच्या मागण्या पुरवणाऱ्या स्त्रीला हा फरक शिकवावा लागत नाही. तिला कुणी काही मागत नाही आणि तीही देवाकडे काही मागत नाही, अशी घटका तिला हवी असते. घोकलेले शब्द तेवढ्यासाठीच आहेत : मागण्यांची यादी करावी लागत नाही, तोंड चालू राहते आणि मन बसते.

बहुतेक वेळा ते बसता बसता झोपते. चौथ्या दशकाला आईची मान कलते, हा आमच्या घरांतला जुना विनोद आहे. झेलीची मुलगी तेरेझा मठातल्या प्रार्थनेच्या वेळी झोपी जात असे, आणि तसे तिने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याची तिला खंत वाटत नव्हती, कारण झोपलेले लेकरूही आईबापांना तेवढेच प्रिय असते, असा तिचा युक्तिवाद होता. तो मला बिनतोड वाटतो. तेव्हा वेदीवरून बोलणाऱ्यांनी उद्यापासून इतकेच सांगावे : पूर्वार्ध बापाने म्हणावा, मेणबत्ती मुलाने लावावी, भात कुणीतरी आधीच उतरवून ठेवावा. आणि चौथ्या दशकाला आई झोपली, तर तिला कोपराने ढोसू नये. पाचवे दशक बाकीच्यांनी पुरे करावे, भांडीही घासून ठेवावीत.