शेंगभाज्यांना युरिया कशाला?



दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भोगला. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. एवढे होऊन आपल्या माणसाच्या वाट्याला आलेली जमीन बहुतेक मुरमाडच. लासूर स्टेशनच्या बाजूला अशा तुकड्यात उधारीचे खत टाकले आणि पावसाने दगा दिला, तर पीक जाते आणि उधारी राहते.

म्हणून गवार, चवळी, वाल यांचा विचार करावा. यांच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र ओढून झाडाला देतात. वरून युरिया जास्त झाला तर गाठी कमी धरतात, पाला माजतो, शेंग कमी लागते. अपवाद एक, श्रावण घेवडा. त्याच्या गाठींवर भरवसा नाही, त्याला शेणखत जास्त लागते.

खत आणायचे कोठून? शेण आहे त्या घरात त्याच्या गोवऱ्या होतात. गोवऱ्या थापू नका, असे गॅसची टाकी परवडत नाही त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगावे? तेव्हा थोड्या शेणात जास्त खत करणे हाच मार्ग. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तो दाखवला. त्यांच्या नावावरूनच 'नाडेप' हे नाव पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोके ठेवलेल्या विटांचे टाके. त्याला शेण लागते फक्त शंभर किलोच्या आसपास. बाकी पालापाचोळा, काडीकचरा आणि चाळलेली माती. विटा नसतील तर तुराट्यांचा कूड करावा, हवा खेळली की झाले. कचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर रचत जावे. वरून शेणमातीने लिंपून घ्यावे, भेगा पडल्या की बुजवाव्या, ओल ठेवावी. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार होते. हाताला गार लागले आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला, म्हणजे ते मुरले. कच्चे शेण शेतात टाकू नये, हुमणी आणि वाळवी मागे लागते.

गुंठ्याला दीडशे किलो मुरलेले खत पेरणीपूर्वी मातीत मिसळावे. बियाण्याला किलोमागे २५ ग्रॅम रायझोबियम, म्हणजे पावशेराला चहाचा चमचाभर, गार झालेल्या गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. परभणीच्या कृषी विद्यापीठात जिवाणू खते मिळतात. मात्र गवार-चवळीचे पाकीट वेगळे, वाटाण्याचे वेगळे. मागताना पिकाचे नाव सांगावे. पाकिटावरची मुदतही वाचून घ्यावी. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्या.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक झाड हलक्या हाताने उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी दिसली तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर चार ओंजळी खत बुडाशी घालावे.

शेंगा संपल्या की झाड उपटू नये. जमिनीलगत विळ्याने कापावे, मुळे आतच राहू द्यावी आणि त्याच वाफ्यात वांगी किंवा मेथी घ्यावी. कापलेला पाला शेळीला, राहिलेल्या काड्या टाक्यात.