फाटकावरचा फलक कुठे आहे?

कारखान्याच्या ज्या दरवाज्यातून बहुसंख्य कामगारांची ये-जा असते त्या दरवाज्यापाशी खास फलक असावा, त्या फलकावर पाळीच्या वेळांपासून बडतर्फीपर्यंतचे सारे नियम ठळकपणे लावलेले असावेत, आणि ते केवळ इंग्रजीत नव्हे तर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही असावेत, अशी आज्ञा या देशाच्या कायद्याने १९४६ सालीच दिली. देश स्वतंत्र व्हायचा होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. मालकाने नियमांचा मसुदा करावा, तो कामगारांपुढे ठेवावा, त्यांच्या हरकती प्रमाणन अधिकाऱ्याने ऐकाव्यात, आणि मगच त्या मसुद्याला नियमाची प्रतिष्ठा मिळावी, हे त्या ‘स्थायी आदेश’ कायद्याचे मर्म होते. आज अंबरनाथच्या आनंदनगर आणि मोरिवलीत, बदलापूरच्या खरवई आणि माणकिवलीत फाटकाफाटकावरून फिरून पाहा. ‘हेल्पर पाहिजेत’ ही पाटी दिसेल, कॅमेऱ्याची नजर असल्याची सूचना दिसेल, परवानगीवाचून आत येऊ नये ही ताकीद दिसेल. ज्या नियमांखाली माणसाने आयुष्यातली तीस वर्षे काढायची, त्या नियमांचा फलक शोधावा लागतो.

आम्ही शिस्तीचे वैरी नाही. रसायनांच्या पिंपांशेजारी बिडी शिलगावणारा, मुखपट्टी काढून फेकणारा, पाळी संपण्याआधी झडपेवरची जागा सोडून जाणारा कामगार स्वतःच्याच नव्हे, शेजारच्या दहा जणांच्या जिवाशी खेळतो, आणि त्याला जाब विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने जाब देण्याची तयारीही ठेवली पाहिजे. जो नियम बांधील करतो तो नियम सांगणाऱ्यालाही बांधत असला पाहिजे. आणि ज्याच्यावर तो लादायचा त्याला तो वाचता, समजता आणि प्रसंगी नाकारता आला पाहिजे. एवढेही जिथे नाही, तिथे शिस्त नाही. तिथे वेठबिगारी आहे.

साध्या लेट मार्कापासूनच सुरुवात करू, कारण बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या लक्षावधी घरांत दिवस त्याच धाकाने उगवतो. कल्याणच्या पलीकडे रेल्वेने या शहरांना दोन मार्ग दिले आणि त्याच दोन मार्गांवर लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल यांची रांग लावून दिली. लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, तिसरा-चौथा मार्ग मात्र अजून कामातच आहे. पहाटे डबा भरून निघालेल्या माणसाची लोकल वीस मिनिटे खोळंबली, तर त्यात त्याचा अपराध कोणता? तरीही कचेरीतले यंत्र त्याचा अंगठा घेते आणि त्याच्या नावापुढे लाल खूण उमटते. अशा तीन खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाची रजा किंवा अर्ध्या दिवसाचा पगार गेला, हा दंडक असंख्य कचेऱ्यांनी आपल्या मनाने करून ठेवला आहे. वेतनाविषयीचा १९३६ चा कायदा मात्र सांगत आला की गैरहजेरीसाठी कपात करायची तर ती जितका वेळ माणूस गैरहजर होता तितक्याच प्रमाणात करावी. दंड करायचा तर आधी त्याचे म्हणणे ऐकावे, आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी. दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणारा मालक शिस्त लावत नसतो. तो दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे काढून घेत असतो.

९ जून २०२५ ची सकाळ आठवा. सोमवार होता. दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान, एकमेकींशेजारून विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारी माणसे रुळांवर कोसळली आणि त्याच दिवशी चार जणांचे प्राण गेले. त्यातली मुंबईकडे निघालेली लोकल कर्जतहून आलेली होती, म्हणजे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही आपलीच स्थानके ओलांडून ती तिथवर पोचली होती. दोष गर्दीचा, दोष अपुऱ्या गाड्यांचा, हे सारे खरेच. परंतु भरलेली लोकल समोर दिसत असताना ‘पुढच्या गाडीने जाऊ’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्या दारातल्या माणसाला कोणी ठेवले होते, हा प्रश्न कोणत्याही चौकशीच्या कागदावर आला नाही. कार्यालयांच्या वेळा पुढेमागे करा, अशी विनंती करणारी पत्रे मध्य रेल्वेने मुंबईतल्या शेकडो कार्यालयांना धाडली. त्यांतल्या बहुतेकांना अर्धा तास सोडवला नाही. ज्या कचेऱ्यांनी करोनाच्या काळात अवघे काम घरून करवून घेतले आणि नफाही मिळवला, त्यांनाच आता सकाळी दहाचा ठोका धर्मासारखा पवित्र वाटू लागला आहे.

त्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, १० जूनला, एका विजयाला एकशे पस्तीस वर्षे पूर्ण झाली; त्याची आठवण किती जणांना झाली? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीने १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सत्यशोधक लोखंडे ‘दीनबंधु’चे संपादक होते आणि एके काळी स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. १८८४ साली परळला सभा भरवून त्यांनी जे मागणे मांडले त्यावर साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या होत्या: आठवड्याला एक सुटी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या, कामात जायबंदी झालेल्याला भरपाई द्या. बहुतेकांना अक्षर ठाऊक नव्हते. पण आपल्या कामाचे नियम ठरवताना आपल्याला विचारले गेले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते. आणि आज? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली, आणि वर कामगाराच्या लेखी संमतीची अट घातली. ज्याचा ठेका अकरा महिन्यांनी संपतो, ज्याला ठेकेदाराचा माणूस तोंडी ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे म्हणून घरी बसवू शकतो, ज्याच्या खोलीचे भाडे सात तारखेला द्यायचे असते, त्याच्यापुढे संमतीचा कागद ठेवून ‘तू मोकळा आहेस, वाटेल तर सही कर’ असे सांगणे ही क्रूरता आहे. १८८४ सालच्या सह्या कामगारांनी दिल्या होत्या. २०२५ सालच्या सह्या त्यांच्याकडून घेतल्या जातील.

परंतु वेळ आणि पैसा यांच्याही पलीकडचा एक प्रश्न आहे, आणि त्यासाठीच आम्ही आज लेखणी उचलली आहे. डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळने जो हाहाकार पाहिला त्यानंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात एक संपूर्ण प्रकरण नव्याने घातले गेले. त्यातले कलम ४१-एच प्रत्येक रसायन कामगाराला तोंडपाठ असायला हवे होते. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला संकट जवळ आल्याची रास्त शंका आली, तर त्याने ती व्यवस्थापकाला किंवा प्रभारी माणसाला थेट सांगावी, अथवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत सांगावी, आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावी. व्यवस्थापनाला ती शंका पटली तर त्याने तत्काळ उपाय करून निरीक्षकाकडे अहवाल पाठवावा, आणि पटली नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडेच सोपवावे. अंतिम शब्द निरीक्षकाचा. जवळपास चार दशकांपूर्वी संसदेने हेल्परच्या तोंडी ‘थांबा’ हा शब्द घातला. तो तिथून कोणी काढून घेतला?

रिअ‍ॅक्टरवर उभा असलेला माणूस काय ओळखतो, हे वातानुकूलित केबिनला कळत नाही. ढवळणीचा आवाज किंचित बदलला, काट्याने दोन अंश जास्त दाखवले, सांध्यातून नेहमीपेक्षा उग्र वास आला, की त्याला सर्वांत आधी कळते. त्याच्या हाती जी कार्यपद्धती दिलेली असते ती इंग्रजीत छापलेली, तो बोलतो मराठी, भोजपुरी किंवा ओडिया; बॅच मध्येच थांबवली तर लाखोंचा माल वाया जाणार आणि जाब त्यालाच विचारला जाणार; आणि थांबवली नाही तर काय होते ते शेजारच्या डोंबिवलीने दोनदा पाहिले आहे. २६ मे २०१६ रोजी बारा माणसे गेली. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे गेली, आणि काहींच्या देहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. मे महिना तोच, औद्योगिक वसाहत तीच, शोकसंदेशांचे शब्दही तेच. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगाराच्या हाताशी एक दोरी असते. काही चुकते आहे असे वाटले की त्याने ती ओढायची, आणि दोष दूर होईना तर सारी रांग थांबते. ती दोरी ओढणे हा तिथे गुन्हा नाही, कर्तव्य आहे. तिथे मोटारीचा एक सांधा नीट बसावा म्हणून जे स्वातंत्र्य दिले जाते, ते इथे माणसाचा जीव वाचावा म्हणूनही मिळत नाही.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. फाटकावर झेंडा चढतो, हिरवे बिल्ले वाटले जातात, सारे जण हात पुढे करून शपथ म्हणतात, छायाचित्र निघते. खंडेनवमीला प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आणि त्याच यंत्रापाशी ‘हा पट्टा झिजला आहे, आज चालवू नका’ असे सांगणाऱ्या माणसाची गणना ‘लोकांना भडकवणाऱ्यां’त होते, त्याची पाळी बदलली जाते, आणि पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या यादीतून त्याचे नाव गळते. ज्यांना लोखंडाची पूजा करता येते आणि माणसाचे ऐकता येत नाही, त्यांच्या शपथेला आम्ही कवडीची किंमत देत नाही.

मालक एकटाच दोषी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी स्थायी आदेशांचे बंधन तीनशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते ठेवले. महाराष्ट्रात ते पन्नासांपासून होते. या पट्ट्यातल्या कारखान्यांकडे पाहा: साठ, ऐंशी, दीडशे माणसांचे कारखाने, आणि त्यांतलेही निम्मे ठेकेदाराच्या हजेरीपटावरचे. त्या साऱ्यांच्या फाटकावरचा फलक सरकारनेच उतरवला. आणि सरकार स्वतः मालक असते तेव्हा काय करते, हे अंबरनाथने पाहिलेलेच आहे. आयुध निर्माणीची कंपनी होणार हे ठरले, कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिला, आणि ३० जून २०२१ रोजी वटहुकूम निघाला की संरक्षण उत्पादनात संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकेल. त्यानंतर तीन महिन्यांत, १ ऑक्टोबरला, कंपन्या कामाला लागल्याही. आयुष्यभर या देशासाठी दारूगोळ्याचे धातू ओतणाऱ्या माणसाला त्याच्या नोकरीचे भवितव्य ठरताना तोंड उघडण्याची मुभा नव्हती.

उल्हासनगराला मात्र आम्ही निराळेच विचारणार आहोत. फाळणीत घरदार, दुकान, जमीन गमावून आलेली माणसे लष्करी छावणीच्या बराकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे शहर झाले. ज्यांच्यापाशी काहीच उरले नव्हते त्यांनी गोळ्या-बिस्किटे विकून, शिलाई यंत्रे चालवून, कोणापुढे हात न पसरता हे शहर उभे केले. त्या स्वाभिमानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. म्हणूनच त्या शहरातल्या शिलाईच्या गाळ्यांत आज बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली मुले नगावर मजुरी घेत, हजेरीपत्रकाशिवाय, ओळखपत्राशिवाय, रात्री त्याच गाळ्यात कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपतात, तेव्हा मनाला डाग लागतो. हेही विस्थापितच आहेत. यांचे नाव निदान एका वहीत तरी लिहा.

आणि वाचकहो, तुम्हीही. गॅसच्या उग्र वासाने रात्री जाग आली की खिडक्या लावून घेणारे, वालधुनी नदीचे पाणी कधी लाल, कधी निळे वाहताना पाहून नाकाला रुमाल लावणारे, स्फोट झाला की भ्रमणध्वनीवर धुराचे चित्रण फिरवणारे आपण सारे जण या मौनाचे वाटेकरी आहोत. त्या कारखान्यातला जो माणूस रात्री अडीच वाजता ‘थांबा’ म्हणू शकला असता, तो आपल्याच चाळीत राहतो. त्याने तसे म्हटले आणि त्याची नोकरी गेली, तर आपल्यापैकी किती जण त्याच्या दारात उभे राहू?

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे कार्यालय कल्याणला आहे, हाकेच्या अंतरावर. कलम ४१-एच नुसार कामगाराची प्रत्येक सूचना, व्यवस्थापनाने ती मान्य केली असो वा फेटाळली असो, निरीक्षकापर्यंत पोचायलाच हवी होती. म्हणजे तिची नोंद कार्यालयात असली पाहिजे. आमची मागणी सरळ आहे. डोंबिवलीच्या २०१६ सालच्या स्फोटापासून जुना कारखाने अधिनियम लागू असेपर्यंत अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरातून अशा किती सूचना आल्या, त्यांतल्या किती व्यवस्थापनाने पाठवल्या आणि किती कामगारांनी स्वतः आणून दिल्या, किती प्रकरणांत निरीक्षक जागेवर गेले, आणि सूचना देणाऱ्या कामगारांपैकी आज किती जण त्याच नोकरीत आहेत, हे पाच आकडे संचालनालयाने येत्या ४ मार्चच्या आत जाहीर करावेत, आणि मराठीत व हिंदीत छापून प्रत्येक धोकादायक कारखान्याच्या फाटकावर लावावेत. शून्य असेल तर शून्य लिहावे. फलक कामगार वाचतील.