चाक बदलण्याआधी

आमच्या अब्बांची सायकल काळी, 28 इंची, दांड्याच्या ब्रेकची आहे. मालेगावात यंत्रमागावर पाळीला जाताना त्यांनी तीस वर्षे तीच वापरली. आम्ही भावंडेही तिच्या दांडीवर आणि कॅरियरवर बसूनच शाळेत गेलो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिचे मागचे चाक डुगडुगू लागले. पाहिले तर रिमला आऱ्यांच्या भोकांपाशी गंज चढून बारीक तडे गेले होते.

‘‘चाचांकडे टाका, ते बघतील,’’ अब्बा म्हणाले. पण चाचांच्या दुकानात कामाची रांग, आणि आम्हाला घाई. दुसऱ्या एका दुकानात तयार चाक स्वस्तात मिळत होते. त्यावर 28 लिहिले होते, आणि आमचा टायरही 28चाच. आम्ही चाक घेतले आणि तिथेच नवा टायर चढवून घेतला.

घरी आल्यावर चाक चिमट्यात बसले, पण मागच्या ब्रेकचे रबर रिमला लागेना. टायर चढवलेला माल परत घेत नाही, असे दुकानदाराने सांगितले. मग आम्ही अब्बांना म्हणालो, ‘‘चार दिवस पुढच्या ब्रेकवर चालवा, मग बघू.’’ हे वाक्य आठवले की आजही मान खाली जाते. तिसऱ्याच दिवशी पाऊस झाला. मोसम पुलाजवळच्या गर्दीत हातगाडी आडवी आली. अब्बांनी ब्रेक दाबला, पण ओल्या रिमवर तो धरलाच नाही. हाड वाचले, गुडघ्याला मात्र मार बसला आणि आठ दिवस पाळी बुडाली. चाकात वाचवलेले पैसे त्या मजुरीपुढे काहीच नव्हते.

नंतर चाचांनी दोन्ही चाके शेजारी ठेवून आम्हाला जे समजावले, ते ज्यांच्या घरी जुनी सायकल आहे अशा सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे लिहीत आहोत.

पहिला प्रश्न : बिघडले काय? चाक म्हणजे एक वस्तू नव्हे. रिम, आरे, हब, छर्रे, फ्रीव्हील हे सगळे वेगवेगळे भाग आहेत आणि ते वेगवेगळे बदलता येतात. सायकल उलटी करा, चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ काडी स्थिर धरा. रिम काडीला थोडी लागून सुटत असेल तर चाक फक्त आऊट झाले आहे. आरे कसून आऊट काढला की काम भागते. रिम धरून आडवी हलवा. खडखड वाजली तर हबचे कोन सैल आहेत किंवा छर्रे झिजले आहेत. तोही थोडक्या पैशांचा मामला आहे. रिमला तडा असेल, ती चेपली असेल किंवा गंजाने खाल्ली असेल, तरच ती बदलावी लागते. अब्बांचा हब ठणठणीत होता. म्हणजे पूर्ण चाकाची आम्हाला गरजच नव्हती.

दुसरा प्रश्न : माप कोणते? इथेच आम्ही फसलो. काळ्या सायकलीच्या टायरवर 28 x 1½ असे लिहिलेले असते. त्याची कडा रिममध्ये जिथे बसते, तिथला व्यास 635 मिलिमीटर असतो. गिअरच्या सायकलींना जे 700 सी चाक असते, त्याच्या टायरवरही पुष्कळदा 28 लिहितात, पण तिथला व्यास 622 मिलिमीटर. आकडा एकच आणि फरक 13 मिलिमीटरचा. मुलींच्या सायकलींचेही तसेच आहे. 26 x 1⅜ या टायरची रिम 590 मिलिमीटरची, तर 26 x 1.95 या जाड टायरची 559ची. दोन्ही ‘सव्वीस’च म्हणवतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. सोपा नियम असा : अपूर्णांकातले माप आणि दशांशातले माप एक समजू नका. टायरवर 40-635 किंवा 37-622 असे आकडे छापलेले असतील तर त्यांतला तीन अंकी आकडाच खरा धरा. त्याहून बरे म्हणजे जुने चाकच दुकानात घेऊन जा.

तिसरा प्रश्न : भोके किती? जुन्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, कारण माणसाचा आणि कॅरियरचा भार मागे जास्त येतो. इतर अनेक सायकलींना दोन्हीकडे 36 असतात. हब जुनाच ठेवायचा असेल तर रिमची भोके हबच्या भोकांइतकीच हवीत. आरे घेताना जुना आरा नमुना म्हणून न्या. थोडी लांबी चुकली तरी चाक बांधता येत नाही.

चौथा प्रश्न जिवाचा आहे : ब्रेक कसा आहे? दांड्याचा ब्रेक रबर वर ओढतो आणि रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या अंगाने दाबतो. त्याला त्याच घडणीची रिम लागते. तारेचा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, त्यासाठी रिमच्या बाजू सपाट हव्यात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरते. अ‍ॅल्युमिनियमची रिम पावसात बरीच चांगली धरते. तारेचा ब्रेक असेल आणि रिम बदलायचीच असेल, तर थोडे जास्त पैसे अ‍ॅल्युमिनियमवर घालावेत. लोखंडीच ठेवावी लागली तर पावसात वेग कमी ठेवा आणि ब्रेक आधीपासून हलका दाबत या, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते.

मुलांसाठी जुनी गिअरची सायकल घेणाऱ्यांनी अजून दोन गोष्टी तपासाव्यात. मागच्या चिमट्याच्या टोकांमधले आतले अंतर मोजा. जुन्या सहा-सात गिअरच्या रेसर सायकलीत ते 126 मिलिमीटर असते, नंतरच्यांत 130, डोंगरी सायकलीत 135. लोखंडी फ्रेम जाणता कारागीर थोडी ताणून देतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कधीही ताणू नये. दुसरे म्हणजे फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसते की दात्यांचा गठ्ठा हबवर सरकवून बसतो, ते पाहा. एकाच्या हबवर दुसरे चालत नाही. जुन्या रेसरचे चाक 27 x 1¼ असेल तर त्याची रिम 630ची. तिथे 622चे चाक लावता येते, पण ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली सरकायला जागा हवी. पैसे देण्यापूर्वी तेवढे बघून घ्या.

दुकानात भाव विचारताना तीन भाव वेगळे विचारा : नुसती रिम, रिम-आरे-मजुरी मिळून, आणि तयार चाक. दोन्ही चाकांची जोडी घ्यायचा आग्रह झाला तरी पुढचे चाक चांगले असेल तर ते राहू द्या. रिमच्या आतली पट्टी मात्र नवी घाला, नाहीतर आऱ्यांची टोके ट्यूबला पंक्चर करत राहतात. नवे बांधलेले चाक आठ-पंधरा दिवस चालवून पुन्हा कारागिराला दाखवा. नवे आरे बसताना सैल होतात, आणि एक सैल आरा शेजारच्यांना तोडतो.

चाचांनी अब्बांच्या जुन्या हबवर 40 भोकांची रिम बांधली, दोन्ही ब्रेकची रबरे बदलली. आम्ही आधी घेतलेल्या चाकापेक्षा सगळा खर्च कमी आला. आम्ही ओशाळून म्हणालो, ‘‘चाचा, आधी तुमच्याकडेच यायला हवे होते.’’ चाचा हातातली किल्ली पुसत म्हणाले, ‘‘रांग होती ना. पण निदान चाक तरी दाखवून जायचे. बघायचे पैसे मी कुठे घेतो?’’

आता अब्बा पुन्हा सायकलनेच पाळीला जातात. निघण्यापूर्वी अंगणात दोन्ही ब्रेक दाबून बघतात. पूर्वी ते असे करत नव्हते. तुमच्या घरच्या सायकलीचे ब्रेकही आज एकदा असेच दाबून बघा.