हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

ब्रिटनच्या महसूल खात्याच्या ईशान्य इंग्लंडमधील कचेरीतून १८ ऑक्टोबर २००७ रोजी दोन लहानशा तबकड्या लंडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाकडे धाडण्यात आल्या. त्या तेथे कधीच पोहोचल्या नाहीत. बालभत्ता घेणाऱ्या ७२ लाख ५० हजार कुटुंबांची, म्हणजे सुमारे अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील त्या दोन तबकड्यांत सामावले होते. दर पाच ब्रिटिश नागरिकांमागे दोघांची कौटुंबिक व आर्थिक कुंडली अशा रीतीने टपालात गहाळ झाली. पाठवणी नोंदणी टपालाने झालेली नव्हती, आणि म्हणून तबकड्या नेमक्या कोठे नाहीशा झाल्या, याचा मागही लागू शकला नाही. २० नोव्हेंबर रोजी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांना पार्लमेंटपुढे उभे राहून हे सांगावे लागले आणि खात्याचे अध्यक्ष पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणी प्रथम बोट दाखविले गेले ते एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे. हे अपेक्षितच होते. राज्य कोठलेही असो, मोठ्या कचेरीत काही बिघडले की सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस प्रथम सापडतो! परंतु किअरन पॉइंटर यांनी जून २००८ मध्ये सादर केलेल्या चौकशी अहवालाने ही पळवाट बंद केली. हा प्रसंग पूर्णपणे टाळता येण्याजोगा होता आणि दोष व्यक्तीचा नसून संस्थेच्या घडणीतच होता, असा त्याचा निष्कर्ष होता. लेखापरीक्षकांना एवढी सगळी माहिती मुळी हवीच नव्हती. बँकेचे तपशील वगळून नोंदी द्याव्यात, असे त्यांनी कळविले होते. पण नको ती माहिती गाळण्यासाठी संगणकसेवा पुरविणाऱ्या कंपनीला जादा पैसे मोजावे लागले असते. तो खर्च वाचावा म्हणून सगळाच्या सगळा साठा तबकड्यांवर उतरविण्यात आला. काटकसर खात्याची झाली आणि जोखीम अडीच कोटी माणसांच्या माथी आली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच.

तबकड्यांना 'पासवर्ड' होता, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले. येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. नुसता पासवर्ड म्हणजे खोलीच्या दाराला लावलेले कुलूप. कुलूप तुटले की आतील कागद कोणालाही वाचता येतात. माहितीचे कूटलेखन करणे म्हणजे ते कागदच अशा सांकेतिक लिपीत लिहिणे की, किल्ली नसलेल्याच्या हाती पडले तरी त्याला त्यांतून अक्षरही उमगू नये. ही सोय आज साध्या भ्रमणध्वनीतही असते. माणूस वस्तू हरवणारच. तो विसरतो, थकतो, त्याच्या घरी चोरी होते. पण हरवलेली वस्तू सापडणाऱ्याला वाचता यावी की न यावी, हे मात्र आधीच ठरविता येते. जपानमधील आमागासाकी शहरात जून २०२२ मध्ये असाच प्रसंग घडला. नगरपालिकेचे काम करणारा एक कंत्राटी कर्मचारी सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला पेन ड्राइव्ह पिशवीत घेऊन मद्यपानास गेला, रस्त्यातच झोपी गेला आणि जागा झाला तो पिशवी नाहीशी झालेली! त्याचा बेजबाबदारपणा अक्षम्यच होय. पण माहिती कूटबद्ध होती, म्हणून नागरिकांना काही आधार तरी उरला. पेन ड्राइव्ह पुढे सापडलाही.

वस्तू गेल्यानंतर संस्था कशा वागतात, हा या प्रश्नाचा दुसरा आणि अधिक क्लेशदायक भाग आहे. ब्रिटनमधील 'नेशनवाइड' या गृहवित्त संस्थेच्या एका कर्मचाऱ्याच्या घरून २००६ साली लॅपटॉप चोरीस गेला. त्यात ग्राहकांची गोपनीय माहिती होती, पण कोणती व किती, याची चौकशी सुरू करायलाच संस्थेला तीन आठवडे लागले. तेथील वित्तीय नियंत्रकाने फेब्रुवारी २००७ मध्ये तिला ९ लाख ८० हजार पौंडांचा दंड ठोठावला, तो चोरी झाली म्हणून नव्हे, तर या ढिलाईबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने तर मौनच पत्करले. सुमारे १ कोटी ९८ लाख खात्यांची उतारपत्रके साठविलेल्या तिच्या दोन चुंबकीय फिती नष्ट करण्यासाठी दिल्या गेल्या, पण त्या खरोखर नष्ट झाल्या की नाही, याचा दाखला २०१६ साली कोणालाच देता येईना. बँकेने नियंत्रकांना कळविले, ग्राहकांना मात्र नाही. त्यांना हे समजले ते मे २०१८ मध्ये, वृत्तसंस्थेने बातमी फोडल्यावर. फिती बहुधा नष्टच झाल्या असाव्यात, असे बँकेच्या चौकशीत आढळले होते. परंतु ज्याच्या खात्याचा प्रश्न आहे, त्याला वगळून त्याच्या धोक्याचे मोजमाप करण्याचा अधिकार बँकेला कोणी दिला?

जुनी यंत्रे मोडीत काढतानाही हेच घडते. अमेरिकेतील मॉर्गन स्टॅनली या बलाढ्य वित्तसंस्थेने आपल्या संगणकांच्या हार्ड डिस्क निकालात काढण्याचे काम अशा एका सामान-वाहतूकदाराकडे सोपविले की, ज्याला या कामाचा काडीचाही अनुभव नव्हता. त्यांतील काही उपकरणे पुढे लिलावाच्या संकेतस्थळावर ग्राहकांच्या माहितीसकट विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचे रक्षण करण्यात कसूर केल्याबद्दल सप्टेंबर २०२२ मध्ये तिला साडेतीन कोटी डॉलरचा दंड भरावा लागला.

अशा प्रत्येक प्रसंगी 'माहितीचा गैरवापर झाल्याचा पुरावा नाही' हे वाक्य ठरलेले असते. पण पुरावा नसणे आणि धोका नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैशाची चोरी झाली तर ती त्याच दिवशी कळते; माहितीची चोरी जेव्हा वापरली जाते तेव्हाच कळते, आणि तो दिवस चोर ठरवितो. खाते क्रमांक बदलता येतो. जन्मतारीख, आईचे नाव, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. ब्रिटनमधील तबकड्यांचा गहजब वायफळ आहे, असे दाखविण्यासाठी जेरेमी क्लार्कसन या प्रसिद्ध दूरचित्रवाणी निवेदकाने आपला खाते क्रमांकच वृत्तपत्रात छापला. जानेवारी २००८ मध्ये त्याला आढळले की, कोणीतरी त्याच्या खात्यातून ५०० पौंड एका मधुमेहविषयक धर्मादाय संस्थेकडे वळविले आहेत. थट्टेखोराने पैसे सत्कार्याला लावले हे त्याचे नशीब!

परदेशांतील ही उदाहरणे आम्ही विस्ताराने मांडली, ती आपल्या देशात आता या विषयाचा कायदा झाला आहे म्हणून. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि कायद्यातील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची, असे ठरले. माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि माहिती फुटल्याचे मंडळास व संबंधित व्यक्तीस न कळविल्यास २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कॉमनवेल्थ बँकेसारखे मौन येथे परवडणारे नाही, ही समाधानाची बाब होय.

पण दोन उणिवा डोळ्यांआड करता येत नाहीत. पहिली अशी की, हा दंड जमा होणार तो सरकारच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती गेली त्याच्या पदरात काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमान्वये नुकसानभरपाई मागण्याची जी वाट होती, ती वगळण्याची तरतूद नव्या कायद्यातच आहे. दुसरी अशी की, सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था यांसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने आपल्याकडे राखून ठेवला आहे. अडीच कोटी माणसांची माहिती गमावणारे ब्रिटनमधील ते खाते सरकारीच होते, याचा विसर कसा पडावा?

गोमंतकासारख्या पर्यटनावर जगणाऱ्या प्रदेशाला तर हा विषय दूरचा नाही. हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र घेतले जाते. पतसंस्थेत खाते उघडायचे तर 'आधार'ची झेरॉक्स सहसा आधी पुढे करावी लागते. ते कागद, ते संगणक, ते पेन ड्राइव्ह पुढे कोठे जातात, हे देणाराही विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. यासाठी कोट्यवधींच्या यंत्रणेची गरज नाही. लागेल तेवढीच माहिती घ्यावी, काम संपताच ती नष्ट करावी, कचेरीबाहेर जाणारे प्रत्येक उपकरण कूटबद्ध असावे, आणि ते हरवलेच तर त्याच दिवशी ग्राहकाला कळवावे, एवढे चार नियम लहानात लहान संस्थेलाही पाळता येतील. ते पाळले जातात की नाही हे विचारण्याचे धैर्य ग्राहकानेही दाखविले पाहिजे.

कायद्याची मुख्य बंधने लागू होण्यापूर्वी मिळालेली अठरा महिन्यांची मुदत ही विश्रांतीसाठी नाही, तयारीसाठी आहे. त्या अवधीत आपल्या बँका, पतसंस्था, हॉटेले आणि सरकारी कचेऱ्या यांनी आपापली कपाटे व खण तपासून पाहावेत. नाहीतर बैल गेला आणि झोपा केला अशी गत व्हायची. आणि येथे बैल संस्थेचा नसून तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या सामान्य माणसाचा आहे.