इंद्रायणीतला नत्र आणि नळाचं पाणी

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहू-आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत गावोगावचे सांडपाणी तिच्यात येते. फेसाचे फोटो वारीच्या तोंडावर छापून येतात. सांडपाण्यातल्या नत्राबद्दल मात्र कुणी बोलत नाही. जलपर्णी माजते ती त्यावरच.

हा नत्र मुख्यतः मलमूत्रातला. लघवीतल्या युरियाचा गटारातच अमोनिया होतो. तो काढायचा कसा, हे भातकऱ्याला वेगळं शिकवायला नको. खाचरात युरिया नुसता फोकून दिला, तर वरच्या हवेशीर थरात जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. ते खाली बिनहवेच्या चिखलात उतरले, की दुसरे जिवाणू त्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. चारसूत्री भातात ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध खोल खोचायला सांगतात ते याचसाठी.

खाचरातला हा तोटा शुद्धीकरण केंद्रात मुद्दाम घडवून आणायचा असतो. एक टाकी हवेची, एक बिनहवेची, आणि पाणी दोन्हींत फिरते ठेवायचे. नुसती हवा सोडली तर अमोनियाचे नायट्रेट होईल, पण नत्र पाण्यातच राहील आणि जलपर्णीला नायट्रेटही चालते. खर्च आहे तो विजेचा. एक किलो अमोनिया-नत्राला साडेचार किलोच्या वर ऑक्सिजन लागतो. शिवाय हे पहिले जिवाणू सावकाश वाढणारे. लोणावळ्याचा पाऊस सांडपाण्याच्या वाहिनीत शिरला, तर गाळाबरोबर तेही वाहून जायचे.

केंद्राच्या रिपोर्टात बीओडी बसला म्हणजे नत्र गेला, असे समजू नये. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत सांडपाणी केंद्रांसाठी नत्राची मर्यादाच नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात एकूण नत्र लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. ग्रामसभेने रिपोर्ट मागवला, तर हा आकडा आधी शोधावा. तो रकानाच नसेल, तर का नाही हे विचारावे.

नदीकाठच्या भातालाही हा फुकटचा नत्र परवडत नाही. पीक काळंभोर दिसतं, पण करपा येतो आणि ऐन दाणे भरताना लोळतं.

सरपंच-ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवायचा मुद्दा निराळाच आहे. नदीकाठच्या विहिरीवर किंवा जॅकवेलवर गावाची नळयोजना असेल, तर पाण्यातला अमोनिया टीसीएल खाऊन टाकतो. एक भाग अमोनिया-नत्राला आठ-दहा भाग क्लोरीन खर्ची पडल्याशिवाय मोकळा क्लोरीन उरत नाही. जलसुरक्षकाने ओटीचे थेंब टाकताच पिवळा रंग आला तर ठीक. चार-पाच मिनिटांनी हळूहळू चढला, तर तो अमोनियाशी बांधलेला क्लोरीन; जंतू मारायला तो फार कमजोर. अशा वेळी वहीत नुसते ‘ओटी पॉझिटिव्ह’ न लिहिता रंग किती वेळाने आला तेही लिहावे आणि पाण्याचा नमुना अमोनियासाठी प्रयोगशाळेत पाठवावा.