आधी बॉलला लागला ना बे!

आपल्या हॉस्टेलमध्ये सबमिशनची तारीख कुणाला आठवत नसेल, पण प्रीमियर लीगचं टाइमटेबल पाठ नाही असा पोट्टा शोधून दाखवा! ऑगस्ट-सप्टेंबरात शनिवारच्या मॅचेस पाच, साडेसात आणि दहाला. तिकडे घड्याळं मागे गेली की सहा, साडेआठ आणि अकराला. मग रविवार. आणि सोमवारी सकाळी मेसमध्ये पोह्यांसोबत सगळ्याचं पोस्टमॉर्टेम. कोण जिंकलं यावर फार वेळ जात नाही, स्कोअर तर सगळ्यांना दिसलेला असतो. खरं भांडण पेटतं ते टॅकलवरून. रेड होती की यलो? रेफरी विकला गेला का? व्हीएआर झोपला होता का?

या भांडणांत एक गोष्ट मी दोन वर्षं बघतोय. टॅकल कसा होता हे कुणी बघतच नाही, आधी जर्सी बघतात. आपल्या टीमचा प्लेअर आडवा झाला तर समोरचा कसाई. आपल्याच प्लेअरने कुणाला आडवं केलं तर लगेच, "आधी बॉलला लागला ना बे!" या एका वाक्यावर अख्खा मजला निर्दोष सुटतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे टॅकलला मराठीत काय म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं. लायब्ररीत मराठी पेपर चाळताना 'धसमुसळा खेळ' हा शब्द सापडला आणि फार आवडला. या शब्दाला जर्सी नाही. खेळ धसमुसळा असेल तर तो कुणाचाही असला तरी धसमुसळाच.

आता नियमाचं बघू. फुटबॉलच्या बाराव्या नियमात फाउलच्या तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणे केला तर नुसती फ्री किक. समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता केला तर यलो. गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर रेड. मग तो समोरून असो, बाजूने असो की मागून. आधी बॉलला लागला तर गुन्हा माफ, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मुद्दाम केला की चुकून, हेही रेडसाठी विचारलेलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लीड्सविरुद्ध लिव्हरपूलच्या हार्वी इलियटचा घोटा निखळला. वय १८. टॅकल करणाऱ्या पास्कल स्ट्राइकची यात चूक नाही, असं स्वतः इलियट म्हणाला. तरी लीड्सचं अपील फेटाळलं गेलं आणि स्ट्राइकची तीन मॅचची बंदी कायम राहिली. कठोर वाटतं ना? पण नियम मन वाचत बसत नाही. पायाचं काय होऊ शकतं एवढंच तो बघतो.

आणि पायाचं काय होतं, हे आपण इंजिनिअर लोकांना तरी सांगायला नको. सत्तर किलोचा पोट्टा सेकंदाला सहा मीटर वेगाने घसरत आला तर अर्धा एम व्ही स्क्वेअर काढा. १२६० ज्यूल. दहा किलो तांदळाचं पोतं तेरा मीटरवरून, म्हणजे चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून पडलं तर तेवढी एनर्जी होते. ही सगळीच पायात जात नाही, पण ज्याचा बूट त्या क्षणी मातीत रुतलाय त्याची नडगी म्हणजे एका टोकाला पक्की बसवलेली कांडी. ती सरकू शकत नाही, फक्त वाकू शकते. किंवा मोडू शकते. शिनगार्ड खरचटणं थांबवतो, पिरगळणं नाही. वेग दुप्पट झाला तर एनर्जी चौपट, हे तर अकरावीत शिकलो.

२७ फेब्रुवारी २०१० ला स्टोकच्या मैदानावर आर्सेनलच्या ॲरन रॅमसेचा उजवा पाय असाच मोडला, नडगीची दोन्ही हाडं. तो तेव्हा १९ वर्षांचा, म्हणजे आपल्यापेक्षाही लहान. टॅकल करणारा रायन शॉक्रॉस रेड कार्ड घेऊन रडत रडत बाहेर गेला. दोघांबद्दलही वाईट वाटावं अशीच ही गोष्ट. पण पुढे काय झालं? नंतर कित्येक वर्षं रॅमसे स्टोकला खेळायला गेला की तिथले प्रेक्षक हुर्यो उडवायचे ती रॅमसेची! पाय ज्याचा मोडला त्याचीच. जर्सीचा चष्मा माणसाला कुठपर्यंत नेतो बघा.

तुम्ही म्हणाल, ते इंग्लंड झालं. मग आपलं कोल्हापूर घ्या. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर तिथेच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम... टीमची नावंच तालमींची. लीगच्या दिवसांत राजर्षी शाहू स्टेडियम भरतं. २०१७ ची सतरा वर्षांखालची वर्ल्ड कप स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारतीय संघात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मला त्या गावाचा हेवा वाटतो. पण त्याच स्टेडियममधून प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीच्या, दोन पेठांच्या समर्थकांच्या हाणामारीच्या बातम्याही वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. वेड तेच, आणि चष्माही तोच.

आमच्या अहेरीकडे स्टेडियम नाही आणि तालमीही नाहीत. कबड्डी आणि व्हॉलीबॉल हेच मोठे खेळ. पण शेजारच्या मुलचेरा तालुक्यात, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना वसवलेल्या बंगाली गावांत फुटबॉल रक्तात आहे. सुट्टीत मॅच ठरली की मैदानावर एकाच वेळी मराठी, तेलुगू, माडिया आणि बांगला ऐकू येतं. अर्धे पोट्टे बुटात, अर्धे अनवाणी. रेफरी म्हणजे ज्याला खेळायचं नाही तो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका मॅचमध्ये माझ्या शाळेतल्या मित्राचा पाय मोडला. मी गोलमध्ये उभा होतो, आवाज माझ्यापर्यंत आला. टॅकल मागून होता, दोन्ही पायांनी. आणि तो खाली पडून ओरडत असताना त्याच्या डोक्यावर काय वाद चालला होता? "बॉलला लागला होता बे!" "नाही लागला!" टीव्हीवर शिकलेलं वाक्य, जसंच्या तसं. शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी सगळ्यांना शिव्या घालून बाजूला केलं, बांबूच्या दोन कामट्या मागवल्या, पायाला दोन्हीकडून लावल्या आणि दुपट्ट्याने बांधल्या. मग पिकअप शोधली. आधी अहेरीला, तिथून रात्रीच चंद्रपूरला. आमच्याकडे रेल्वे नाही. रस्ता जंगलातला, आणि प्रत्येक खड्ड्याला तो कळवळत होता.

रॅमसे नऊ महिन्यांनी परत खेळला. त्याच्यामागे क्लब होता, डॉक्टर होते, पगार चालू होता. माझा मित्र घरचा मोठा मुलगा. तेव्हा धान कापणी तोंडावर आली होती. ती मजूर लावून करावी लागली. त्याच्या बाबांनी त्यासाठी आणि प्लास्टरसाठी उधार घेतलं. पाय आता जुळलाय, चालतो, पण चिखलात रोवणीला उभं राहिलं की दुखतो म्हणतो. बॉलला आधी लागला की नाही याचं उत्तर अजून मिळालेलं नाही आणि त्या घरी कुणाला ते नकोही आहे.

काही जण म्हणतील, मग टॅकल बंदच करा, बुद्धिबळ खेळा. असं कोण म्हणतंय? १९७० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्या बॉबी मूरने ब्राझीलच्या जैरझिन्योच्या पायातून बॉल कसा अलगद काढला, तो व्हिडिओ बघा. जोर होता, टायमिंग होतं, आणि दोघेही उठून पळाले. यलो-रेड कार्डंही वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा त्याच वर्षी आली. त्याआधी १९६६ ला पेलेला लाथा घालून घालून स्पर्धेतून बाहेर काढलेलं जगाने बघितलं होतं. आणि आपली कबड्डी घ्या. तिथे रेडरला धरून खाली पाडणं हाच तर खेळ आहे. तरीही पायांची कैची मारली की फाउल! गावातल्या शेंबड्या पोराला हे कळतं. मग फुटबॉलमध्ये आपल्याला काहून कळत नाही?

फेब्रुवारीत आपली इंटर-ब्रँच टूर्नामेंट आहे. जिमखान्याच्या सरांना आणि सगळ्या कॅप्टन्सना माझ्या चारच सूचना आहेत. एक, रेफरी तिसऱ्या ब्रँचचा असावा आणि त्याचा निर्णय शेवटचा. दोन, मागून किंवा दोन्ही पायांनी टॅकल केला की सरळ बाहेर, बॉलला लागला की नाही ही चर्चाच नको. तीन, शिनगार्डशिवाय कुणीही मैदानात उतरू नये. जिमखान्याने दोन टीमपुरते घेतले तर आळीपाळीने सगळ्यांना पुरतात. चार, मैदानाच्या कडेला स्ट्रेचर, पाय बांधायच्या फळ्या आणि एक गाडी तयार असावी. खर्च ट्रॉफ्यांपेक्षा जास्त येणार नाही.

बाकी सोमवारचं पोस्टमॉर्टेम चालू द्या. त्याशिवाय मेसचे पोहे घशाखाली उतरणार नाहीत! फक्त कुणी आडवा पडलेला दिसला तर बॉल कुठे होता हे नंतर विचारा. आधी तो उठतोय का ते बघा.